जोडविमान

४ फेब्रुवारी

चि. घंटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आधी खाली बस, मग पुढचं वाच. मी तिकडे येते आहे. पासपोर्ट हातात पडला. फोटोत मी बिनतिकीट सापडलेल्या प्रवाशासारखी दिसते, पण तिकीटवाला म्हणाला की पासपोर्टात सगळेच तसे दिसतात.

निवृत्त झाल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही, हे तुला माहीतच आहे. सारी हयात बसच्या आगारात वेळापत्रकं लावण्यात गेली. अजूनही सकाळी उठले की पहिली गाडी सुटली का, हेच मनात येतं. मग घरात येरझाऱ्या. परवा शेजारीण म्हणाली की तुमच्या पायांनी आमच्या छताला भोक पडेल. तेव्हा म्हटलं, पायाला भिंगरी लागलीच आहे तर जरा लांबवर चालावं.

दक्षिण अमेरिकेचा नकाशा आणून भिंतीवर लावला आहे. त्यातल्या तुमच्या देशात तुझं थंडीचं गाव अगदी तळाशी, आणि तुझ्या दादाचं, भोंग्याचं, नदीकाठचं गाव वर डोक्याशी. मधे दोन बोटांचं अंतर. मी असं जुळवलं आहे: आधी मोठ्या शहरात उतरायचं, तिथून जोडविमानानं तुझ्याकडे, मग दुसऱ्या जोडविमानानं भोंग्याकडे. मधे अर्धा अर्धा तास ठेवला आहे. माझं विमान जरा मागे असलं तर पुढचं थांबेलच. आपल्या आगारात मी कधी जोडगाडी आल्याशिवाय पुढची गाडी सोडू दिली नाही. भोंग्याच्या गावाला रस्ताच जात नाही, फक्त होडी नाही तर विमान, हे वाचून मात्र मला धक्का बसला. एवढं मोठं शहर, आणि एक बस नाही म्हणजे काय?

आता खरं सांगते. देश मी फोटोतही बघेन. तुमचे बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली आणि त्या दिवसापासून तुम्ही बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाही. मला तुम्हा दोघांना एका टेबलाशी बसलेलं बघायचं आहे. बाकी काही नको. तू दातांच्या कवळ्या करून लोकांना हसायला दात देतेस, आणि स्वतः तोंड मिटून बसली आहेस, हे मला बघवत नाही.

उत्तर लवकर टाक. माझा लोभ आहेच, तुझाही जाता-येताना माझ्यावर असू दे.

तुझी,
आई

—

२१ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी खरंच खाली बसले. हातात कुणाच्या तरी वरच्या जबड्याचा साचा होता, तो पडता पडता वाचला. तू येतेस हे ऐकून इतका आनंद झाला की दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आमच्या मालकीणबाईंनी विचारलं की दात मोजून बसवलेस ना.

पण आई, तुझं वेळापत्रक इथे जमणारं नाही. पहिली गोष्ट, तुझ्या त्या दोन बोटांत आपल्यासारखे कितीतरी प्रदेश मावतात. माझ्या गावाहून नदीगावाला जायला अख्खा दिवस जातो, तोही दोन विमानं बदलून. दुसरी गोष्ट, विमान थांबत नसतं. कुणासाठी नाही. मोठ्या शहरात उतरलीस की आधी कागद तपासायची रांग, मग बॅग यायची वाट, मग तीच बॅग दुसऱ्या इमारतीत नेऊन परत द्यायची. अर्धा तास सोड, एका तासातही कुणी ते विमान पकडलेलं मी ऐकलेलं नाही. निदान चार तास ठेव. तिसरी गोष्ट, देशातल्या देशात फिरायचा एक पास मिळतो, पण तो बाहेरूनच घ्यावा लागतो. इकडे आल्यावर मिळत नाही. तिकीटवाल्याला विचार.

आता चौथी. नदीगाव तू यादीतून काढ. तिथे उकाडा आहे, डास आहेत, आणि दुपारनंतर पाऊस आला की विमानं उडत नाहीत. तुझा मुलगा तुला भेटायला कुठेही येऊ शकतो. तो आला तर मी दोन दिवस मैत्रिणीकडे राहीन, तुमच्या मधे येणार नाही.

तू मला तोंड मिटल्याबद्दल बोललीस. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघांनी मोठ्या शहरात भेटून एकाच विमानानं निघायचं ठरवलं होतं. त्याचं विमान आलं नाही. मी दारापाशी शेवटपर्यंत उभी होते, मग आत गेले. तो दोन दिवसांनी घरी पोचला, सगळं आटोपल्यावर, आणि सगळ्यांसमोर म्हणाला की ह्या आईच्या पोटी जन्मून तुला जोडगाडीसाठी थांबता आलं नाही. त्यावर मी काय बोलायला हवं होतं, ते तूच सांग. मी थांबले असते तर त्या दिवशी तुझ्याजवळ कुणीच नसतं.

जास्त लिहीत नाही, डोळे भरून येतात. स्वेटर दोन आण. पुढच्या टपालापर्यंत मायेत कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
घंटी

—

२४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं एकदम मिळाली. टपालाचा माणूसही इथे होडीसारखाच येतो, पाणी असेल तसा. तू येणार म्हणून मी बंदरावर सगळ्यांना सांगून टाकलं. इथे मला आपल्याकडच्या नावानं कुणी ओळखत नाही. मी क्रेनवर चढून वरून ओरडतो म्हणून इथेही माझं नाव त्यांच्या भाषेत भोंगाच पडलं आहे. म्हणजे आगारातल्या वाहककाकांनी नाव ठेवलं ते उगाच नव्हे.

तू घंटीच्या सल्ल्यानं काही ठरवू नकोस. इथे यायचा वरच्या बाजूनं वेगळा मार्ग आहे, मोठ्या शहरात जावंच लागत नाही. तू थेट माझ्याकडे ये. खोलीला पंखा आहे, खिडकीतून नदी दिसते, आणि नदी म्हणजे नदी नाही, पलीकडचा काठच दिसत नाही. नंतर तुला तिच्याकडे जायचं असेल तर मी विमानात बसवून देईन. मी स्वतः त्या मोठ्या शहराच्या विमानतळावर पाय ठेवणार नाही. त्या दिवशी मी धावत दारापर्यंत पोचलो तेव्हा विमान काचेच्या पलीकडे उभं होतं. उभं होतं, आई. फक्त दार बंद झालं होतं. मी काचेवर हात आपटले. बाबांचं तोंड मला दिसलं नाही ते नाहीच.

तिला ह्या देशात मी आणलं, काम मी बघून दिलं. तेवढं तरी तिनं आठवायला हवं होतं. असो. राग आला की माझ्या हातून नट जास्त आवळला जातो आणि मग तो तुटतो, म्हणून थांबतो.

पायांना विश्रांती दे. आशीर्वादाचा हात वरून काढू नकोस.

तुझा,
भोंगा

—

२ मे

चि. भोंगा आणि चि. घंटी,
दोघांस अनेक आशीर्वाद वि. वि.

कार्बन लावून लिहिते आहे, म्हणजे एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं व्हायला नको. वरची प्रत कुणाची आणि खालची कुणाची, यावरून भांडू नका.

नदीगावाचा बेत बारगळला. तिथे जायचं तर पिवळ्या तापाची लस टोचून घ्यावी लागते. डॉक्टरीणबाईंनी माझं वय विचारलं, रक्तदाब घेतला आणि साफ नाही म्हणाल्या. ह्या वयात ती लसच अंगावर उलटू शकते. मी पुष्कळ हुज्जत घातली. त्या म्हणाल्या की मुलाला भेटायचं असेल तर मुलाला हलवा, तुम्ही हलू नका. त्या दिवसापासून मला घर खायला उठलं आहे. बॅग भरते, उपसते. नकाशासमोर उभी राहते. दुपारी आगारात जाऊन बाकावर बसते, तिथली मुलं समजतात म्हातारीला गाडी सापडत नाही.

बाकावर बसूनच सुचलं. घंटी म्हणते भोंगा आला तर मी मैत्रिणीकडे जाईन. भोंगा म्हणतो मी तिच्या दारात जाणार नाही, मोठ्या शहरातही उतरणार नाही. ठीक आहे. त्या देशाच्या बरोबर मधे राजधानी आहे. दोघांच्याही गावाहून तिथे एका विमानात येता येतं आणि तिथे लस लागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी विचारून सांगितलं. मी राजधानीच्या विमानतळावर येते आणि तिथेच बाकावर बसते. ज्याला भेटायचं त्यानं यावं. एक आला तर एकाला भेटेन, दोघं आलात तर दोघांना, कुणीच नाही आलं तर विमानं बघून परत येईन. मला बाकाची सवय आहे.

हे मी रागानं लिहीत नाही. थोडं रागानं लिहिते आहे. भोंग्या, तू एवढाली ओझी इकडची तिकडे ठेवतोस, हे एक तुला खाली ठेवता येत नाही? आणि घंटे, तुझी चूक नव्हती हे मला मान्य आहे, पण बरोबर असण्याचं वजनही काही कमी नसतं, तूही ते वाहून दमली असशील.

तुम्हा दोघांवर सारखाच जीव आहे, कार्बनच्या प्रतीतही पुसट झालेला नसावा.

तुमची,
आई

—

१९ मे

श्री. दादा यास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की आईचं पत्र तुलाही मिळालं असेल. ती बोलते तसं करते, हे आपण दोघंही जाणतो. ती खरोखर त्या बाकावर येऊन बसेल आणि तिला इथल्या भाषेतलं पाणीसुद्धा मागता येत नाही. तेव्हा हे केवळ तिच्या सोयीसाठी लिहीत आहे.

माझं म्हणणं असं की तिघांनी राजधानीत भेटून दुपारच्या विमानानं उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या गावी जावं. तिथे ताप नाही, थंडी नाही, आणि तिला समुद्र आवडतो. तीन खोल्या घेता येतील, जेवायच्या वेळा वेगळ्या ठेवता येतील. ५ जुलैला मी सकाळी दहाला पोचते. तुझं विमान साडेदहाला आहे असं इथल्या तिकीटवालीनं सांगितलं. समुद्रगावचं विमान दीडला सुटतं. आईचा पास तिनं तिकडेच घ्यायचा आहे, तिचं विमान कोणतं ते ती कळवेल. तू होकार दिलास तर मी तिघांच्या जागा धरते.

कळावे.

घंटी

—

२८ मे

श्रीमती घंटी यांस,
न. वि. वि.

पत्र पोचलं. जागा धर. खोल्या तीन ठीक.

एक लिहून ठेवतो. जुलैत इथे पाऊस कमी असतो, पण नसतोच असं नाही. माझं विमान उशिरा आलं तर थांबू नकोस. तुला सवय आहे.

आईसाठी उशी बरोबर आण. तिला विमानतळावरच्या खुर्च्यांनी मान धरते.

भोंगा

—

१८ जून

चि. घंटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुम्ही दोघांनी मिळून बेत केलात, हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. तीन खोल्या आणि वेगळ्या जेवणाच्या वेळा वाचल्यावर थांबवल्या.

तिकीट झालं, पास झाला. ५ जुलैला सकाळी मोठ्या शहरात उतरते. तिथून राजधानीचं विमान तासाभरानं आहे. माहीत आहे, तू चार तास ठेव म्हणाली होतीस. पण मी चटचट चालते आणि बॅगही हलकी आहे. बाराच्या आत तुमच्याजवळ असेन. हे पत्र तुला मिळेपर्यंत बदलायला वेळ राहणार नाही, म्हणून उगाच हातपाय गाळू नकोस.

इकडे तिकीटवाल्यानं माझ्यापुढे हात टेकले आहेत. मी रोज जाते आणि रोज काहीतरी नवं विचारते. काल विचारलं की राजधानीच्या विमानतळावर मुलांना बसायला बाकं जवळजवळ आहेत की लांबलांब. तो म्हणाला की आजी, हे आमच्या पुस्तकात नसतं.

झोप नाही, भूक नाही, फक्त निघायचं. भेटीपर्यंत माया सांभाळून ठेव, आल्यावर रोखीनं घेईन.

तुझी,
आई

—

९ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. समुद्रगावी असताना तू रोज विचारत होतीस की त्या दिवशी राजधानीत तुम्ही दिवसभर काय केलंत, आणि आम्ही दोघं काहीतरी गंमत सांगून वेळ मारून नेत होतो. तोंडानं सांगवत नव्हतं. आता लिहिते.

मी दहाला पोचले. त्याचं साडेदहाचं विमान फळ्यावर आधी अर्धा तास मागे गेलं, मग दीड तास, मग वेळेच्या जागी नुसती रेघ आली. नदीगावावर पाऊस कोसळत होता. तेवढ्यात खिडकीवरच्या बाईनं मला बोलावून सांगितलं की तुमच्या आईचं मोठ्या शहरातलं विमान चुकलं, त्या सुखरूप आहेत, संध्याकाळी पोचतील. मला रडू फुटलं. मग तुझाच राग आला. चार तास ठेव म्हणून मी घसा कोरडा केला होता.

ती बाई मनानं चांगली. ती म्हणाली की तुम्ही दीडच्या विमानानं पुढे जा, खोल्यांचा ताबा घ्या, भाऊ आला की तो आईसाठी थांबेल आणि दोघं उद्या येतील. हिशेबानं तेच बरोबर होतं. मी बॅग उचलून दारापर्यंत गेलेसुद्धा. खिशात दादाचं पत्र होतं, थांबू नकोस, तुला सवय आहे. मनात आलं, बरं तर मग, सवयच सही.

मग पुकारा झाला. समुद्रगावच्या विमानाचे राहिलेले प्रवासी म्हणून त्यांनी आपली तिघांची नावं घेतली. तुझं, दादाचं, माझं. उच्चार इतके वाकडे की हसूच यावं. पण आई, तीन वर्षांत आपली तिघांची नावं एका दमात कुणी घेतली नव्हती. दोनदा पुकारली. मी ऐकत उभी राहिले आणि गेले नाही. दार बंद झालं, विमान सरकलं, आणि मी बॅग घेऊन दादा जिथून येणार त्या दाराशी जाऊन काचेला टेकून उभी राहिले. बसवेनाच. तू घरात जशा येरझाऱ्या घालतेस तशा घातल्या. तो आला तेव्हा तीन वाजून गेले होते.

बाहेर येताना तो मान वर करून फळा शोधत होता. मी दिसले तर त्यानं आधी घड्याळ बघितलं, मग मला, मग पुन्हा घड्याळ. विचारलं की दीडचं विमान रद्द झालं का. मी म्हटलं की नाही, गेलं. त्या क्रेनवरून ओरडणाऱ्या माणसानं, आई, हळूच माझ्या हातातली बॅग घेतली आणि तुझ्यासाठी आणलेली उशी काखेत मारून चालायला लागला.

मग आम्ही बाकावर बसलो. आधी मधे बॅग होती. मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मी आत गेले, पण जागेवर बसले नाही. दार लावू नका म्हणून विमानातल्या बाईचा हात धरला होता, तिनं मला खांद्याला धरून बसवलं. तो म्हणाला की मी काचेवर हात आपटत होतो. मी म्हटलं की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी होते. इतकंच. त्यानं बॅग उचलून पायाशी ठेवली. मग एक चहा मागवला, दोघांत मिळून प्यायलो. एकाच वेळेला दोघंही तुझ्या विमानाची वेळ विचारायला उठलो आणि परत बसलो.

तू संध्याकाळी बाहेर आलीस तेव्हा आम्ही शेजारी शेजारी उभे होतो, ते तू बघितलंसच. तू मात्र चुकलेल्या विमानाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. घाबरली असशील, म्हणून आम्हीही विचारलं नाही.

दादा पुढच्या महिन्यात इकडे येतो आहे. माझ्याच घरी उतरणार. कवळी करून घ्यायला नाही, असं त्यानं मुद्दाम लिहिलं आहे.

नमस्कार पोचावा, आणि लोभाचं विमान वेळेवर असावं.

तुझी,
घंटी

—

२७ ऑगस्ट

चि. घंटी आणि चि. भोंगा,
दोघांस अनेक आशीर्वाद वि. वि.

पुन्हा कार्बन. घंटीचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. भोंग्या, ती काय लिहिते ते तुला तिच्या घरी जाशील तेव्हा वाचायला मिळेलच, तिला मागून घे.

आता मी घाबरले होते की नाही, ते सांगते. जून महिन्यात तिकीटवाल्यानं ते तिकीट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला की आजी, एका तासात हे विमान मिळणार नाही, दुपारचं घ्या. मी म्हटलं हेच द्या. तो म्हणाला की अहो, चुकणार. मी म्हटलं की बाबा, माहीत आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला.

वेळेवर आले असते तर काय झालं असतं? तुम्ही दोघं माझ्या डाव्या-उजव्या हाताला बसला असतात, आणि मी मधे. एकाशी बोलू की दुसऱ्याशी, यात आठवडा गेला असता. तीन खोल्या, जेवायच्या तीन वेळा. मला तुम्हा दोघांमधून बाजूला व्हायचं होतं, आणि बाजूला होऊन जाणार कुठे? म्हणून वाटेतच थांबले. नदीगावचा पाऊस मात्र माझ्या हिशेबात नव्हता. घंटी दीडच्या विमानानं गेली असती तर माझा सगळा डाव फसला असता.

त्या मोठ्या शहराच्या विमानतळावर मी सकाळपासून बसून होते. विमान चुकलं, राजधानीत मुलांना कळवा, असा आगारातल्या मुलांकडून इंग्रजीत लिहून घेतलेला कागद खिडकीवर दाखवला, त्या बाईनं तुम्हाला निरोप दिला, मला संध्याकाळचं विमान दिलं, पाणीही दिलं. पण तो दिवस कसा गेला म्हणून सांगू! बसवत नव्हतं, उठवत नव्हतं. एक दार सापडलं, लांबलचक काचेचं. वाटलं की हीच ती काच असेल का. भोंग्या, मी तिच्यावर हात ठेवून उभी राहिले. तुझ्या बाबांचं तोंड तुला दिसलं नाही, ते मी तुला परत आणून देऊ शकत नाही. तेवढं एक माझ्या कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही.

मग संध्याकाळी राजधानीत बाहेर आले, तर तुम्ही दोघं एकाच खांबाला टेकून उभे, आणि माझी उशी भोंग्याच्या काखेत. तुम्हाला वाटलं मी दमून रडते आहे. सारा जन्म गाड्या जोडण्यात गेला, पोरांनो, तेवढी एकच मी जाणूनबुजून चुकवली.

आता पुढचं. नकाशा काढलेला नाही. पुढच्या वर्षी तुम्ही दोघांनी इकडे यायचं. मोठ्या शहरात भेटा, त्याच विमानतळावर, आणि एकाच विमानानं निघा, शेजारच्या जागा घेऊन. मधे किती तास ठेवायचे ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडणार नाही. मी इकडे दाराशी उभी असेन, तुम्ही कितीही उशिरा आलात तरी.

दोघांनी एकमेकांवर लोभ करावा, उरेल तो मला पाठवावा.

तुमची,
आई